भिंतीचे शिष्य

ज्ञानेश्वरांनीं भिंत चालविली ही कथा महाराष्ट्रांतल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. वाघावर बसून, हातांत सर्पाचा चाबूक घेऊन चांगदेव येत आहेत असें कळतांच त्यांना सामोरें जाण्यासाठीं चौघां भावंडांना घेऊन एक निर्जीव भिंत निघाली, हें खरें कीं रूपक, याविषयीं भाविक आणि चिकित्सक यांचा वाद जुना आहे व त्यांत पडण्याचें आम्हांस कारण नाहीं. भिंत चालते कीं नाहीं हें आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं. परंतु ती उत्तर देते, आणि प्रश्न वेडावांकडा असला तर उत्तरही तितकेंच वेडेंवांकडें देते, एवढें मात्र आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

आमच्या अभ्यासिकेच्या खिडकीखालीं वसाहतीच्या कुंपणाची भिंत आहे. गेल्या पावसाळ्यांत शेजारच्या इमारतींतला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा रोज संध्याकाळीं तेथें फुटबॉल घेऊन येऊं लागला. सोबती कोणी नसे. तो चेंडू भिंतीवर मारी, परत आलेला पायानें थोपवी, पुन्हां मारी. दिवेलागण होईपर्यंत हा क्रम चाले. हें दृश्य दुसऱ्याच्या खिडकीखालीं असतें तर आम्हांस त्याचें कौतुक वाटलें असतें. आमच्या खिडकीखालीं असल्यामुळें आम्हांस धप्, धप् एवढेंच ऐकूं येई. उत्तरपत्रिका तपासण्याचे ते दिवस होते, आणि प्रत्येक धपेला एकेक परीक्षार्थी अर्ध्या गुणास मुकत आहे असें आमच्या घरांतून सांगण्यांत आलें. पुढें व्यवस्थापक समितीच्या बैठकींत इतरांचीही तक्रार आली. आम्ही समितीचे सभासद. भाषा शुद्ध असावी म्हणून फलकाचा मसुदा आमच्याकडे सोंपविण्यांत आला. “या भिंतीवर चेंडू मारण्यास सक्त मनाई आहे.” वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतें. धप् बंद झाली.

आठवड्याभरानें तो मुलगा जिन्यांत भेटला. वडिलांच्या मदतीनें तो एक वस्तु वर चढवीत होता: लोखंडी नळ्यांची एक चौकट, आणि तिच्यावर ताणून बसविलेलें जाळें. या वस्तूला रिबाउंडर म्हणतात; तिच्यावर चेंडू मारला म्हणजे जाळें तो परत फेकतें. “काका, ही भिंत चालेल ना?” त्यानें विचारलें. त्या प्रश्नांत उपरोध नव्हता, म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. गुन्हा करून झाल्यावर कायद्याचें पुस्तक उघडणाऱ्या माणसाप्रमाणें आम्ही त्या दिवसापासून या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों. आमचा पेशा इतिहास शिकविण्याचा. चेंडूला आमचा पाय महाविद्यालय सोडल्यापासून लागलेला नाहीं. परंतु भिंतीवर चेंडू मारण्यालाही इतिहास आहे, आणि तो वाचतां वाचतां आमच्या निर्दोष वाक्याचा दोष कोठें आहे हें आम्हांस कळूं लागलें.

प्रथम या विद्येचें स्वरूप सांगितलें पाहिजे. फुटबॉलच्या खेळांत जोरानें लाथ मारणें हें कौशल्य नव्हे. तें गाढवालाही येतें. खरें कौशल्य आहे तें आलेला चेंडू स्वीकारण्यांत. वेगानें आलेल्या चेंडूपुढें पाय ताठ धरला तर चेंडू उसळून चार हात दूर जातो व प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो; तोच पाय स्पर्शाच्या क्षणीं किंचित् मागें घेतला तर चेंडूचा वेग पायांत विरतो आणि चेंडू पायाशींच थांबतो. क्रिकेटमध्यें झेल घेतांना हात मागें घ्यावे लागतात, तेंच हें तत्त्व. फरक एवढाच कीं हाताला बोटें आहेत आणि पायाला बूट. ही पहिल्या स्पर्शाची विद्या व्याख्यानानें येत नाहीं. ती हजारों आवृत्तींनीं अंगीं बाणते, आणि हजारों वेळां कुरकुर न करतां चेंडू परत देईल असा सोबती मनुष्यजातींत दुर्मिळ आहे. शिवाय भिंत पक्षपात करीत नाहीं. सरळ मारलेला चेंडू ती सरळ परत देते, तिरपा मारलेला तितक्याच तिरप्या कोनानें पलीकडे फेकते, आणि चेंडूला नकळत फिरकी दिली गेली असेल तर कोन बदलून त्याची चहाडी करते. चेंडू जितक्या जोरानें मारावा तितका तो लौकर अंगावर येतो, म्हणजे आपल्या शक्तीचें फळ आपल्यालाच भोगावें लागतें. जवळ उभें राहिलें तर विचाराला वेळ नाहीं, दूर उभें राहिलें तर नेम अवघड. डावा पाय आळशी असेल तर त्याला भिंतीसमोर उभा करावा. दहा मिनिटांत त्याचे सगळे दोष चव्हाट्यावर येतात. ताणलेलें जाळें हें या भिंतीचें धाकटें भावंड. तें चेंडू अधिक उसळवून देतें, आणि चौकट मागें कलती ठेवली तर चेंडू उंच येतो. म्हणून तो छातीवर किंवा मांडीवर घेण्याचा सराव तेथें बरा होतो. धप् आवाजही होत नाहीं. हा शेवटचा गुण खेळाडूसाठीं नसून आमच्यासारख्यांसाठीं आहे.

क्रिकेटची गोडी असणाऱ्या आमच्या वाचकांस डोनाल्ड ब्रॅडमनची गोष्ट ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियांतल्या बाउरल गांवीं घरामागच्या पाण्याच्या टाकीला विटांचा चौथरा होता. त्याच्यावर हा मुलगा गोल्फचा चेंडू फेकी आणि वाटेल त्या दिशेनें उसळून येणारा तो लहानसा चेंडू हातांतल्या नुसत्या यष्टीनें टोलवी. जवळ शिक्षक नव्हता, जाळी नव्हती, सोबतीही नव्हता. एकलव्यानें मातीच्या द्रोणापुढें धनुर्विद्या साधली त्यांतलाच हा प्रकार. फक्त या द्रोणाला नाक-डोळेही नव्हते. फुटबॉलच्या इतिहासांत अशा एकलव्यांची संख्या फार मोठी आहे. इंग्लंडच्या हॅनली गांवीं न्हाव्याचा धंदा करणाऱ्या एका मुष्टियोद्ध्याच्या पोटीं १९१५ सालीं जन्मलेला स्टॅन्ले मॅथ्यूज परसांत स्वयंपाकघरांतल्या खुर्च्या मांडून त्यांच्यामधून चेंडू नेण्याचा अभ्यास करी. पुढें तो पन्नाशी गांठीपर्यंत इंग्लंडच्या पहिल्या वर्गांत खेळला आणि १९६५ सालीं ‘सर’ झाला. खुर्ची काय, भिंत काय, गरिबाच्या मुलाचे गुरु हे असेच फुकटांत मिळणारे.

आतां आश्चर्याची गोष्ट ही कीं, ज्या देशानें १८६३ सालीं या खेळाचे नियम बांधले आणि ज्याच्या गल्लीगल्लींत अशीं मुलें होतीं, त्याच देशांतल्या व्यावसायिक संघांत प्रवेश मिळाल्यावर मुलाच्या पायांतला चेंडू काढून घेतला जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें असा समज दृढ होता कीं, खेळाडूनें आठवडाभर मैदानाभोवतीं चकरा माराव्या, व्यायाम करावा, पण चेंडूला फारसें शिवूं नये; म्हणजे शनिवारच्या सामन्यांत तो चेंडूसाठीं भुकेला राहील. उपाशी माणूस चांगला जेवतो हें खरें आहे. परंतु उपाशी राहिल्यानें स्वयंपाक येत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्या व्यवहारचतुर राष्ट्राच्या लक्षांत पन्नास वर्षें आली नाहीं. याचें मूळ आमच्या मतें खेळांत नसून समाजरचनेंत असावें. संघाचे चालक म्हणजे धंद्यांतून वर आलेले सुखवस्तु गृहस्थ. खेळाडू म्हणजे खाणींतला किंवा गिरणींतला मजूर. मजुराकडून घाम काढावयाचा असतो. त्याच्या पायाला कांहीं बुद्धि आहे व तिला शिक्षण दिलें पाहिजे, हा विचारच मालकाच्या मनाला शिवत नाहीं. कौशल्य उपजत असतें, तें असलें तर असलें, नसलें तर नसलें, असें म्हटलें कीं शिकविण्याची जबाबदारी संपते. हें वाक्य आमच्या अध्यापकवर्गांतही अपरिचित नाहीं.

या समजाविरुद्ध उभा राहिलेला मनुष्य म्हणजे जिमी होगन. लँकेशायरमधील नेल्सन गांवीं १८८२ सालीं त्याचा जन्म झाला. वडील कापडगिरणींत कामाला; मुलानें धर्मोपदेशक व्हावें ही घरची इच्छा. तो झाला फुटबॉलचा खेळाडू, आणि तोही मध्यमच. बर्नली संघांत असतांना एकदां गोलासमोर मोकळा सांपडूनही त्याचा चेंडू आडव्या खांबावरून गेला. सामन्यानंतर त्यानें व्यवस्थापकाला विचारलें, माझें काय चुकलें? पाय चुकीचा पडला कीं तोल गेला? व्यवस्थापकानें त्यास सांगितलें कीं मारीत राहा, दहांत एक आंत गेला तरी पुष्कळ. या उत्तरानें होगनचें समाधान झालें नाहीं. आणि फुटबॉलमध्यें ‘कां’ हा प्रश्न विचारणारा एक शिक्षक त्या दिवशीं जन्मास आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु त्याला शिष्य मिळाले ते परदेशांत. १९१० सालीं तो हॉलंडांतल्या डॉर्ड्रेख्ट येथें शिकवावयास गेला. नंतर ह्यूगो माइस्लच्या निमंत्रणावरून व्हिएन्नाला. १९१४ चें महायुद्ध सुरू होतांच शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला तेथें अटक झाली. पुढें एका उमरावाच्या खटपटीनें तो बुडापेस्टच्या एमटीके संघाकडे आला आणि युद्ध चालू असतांनाच पोरांना चेंडू शिकवूं लागला. सार्वजनिक बागेंत खेळणारीं मुलें हेरून त्यानें आपल्या हाताखालीं घेतलीं. त्याच्या पद्धतींत धांवण्याला स्थान होतें, पण सर्वांत वरचें स्थान चेंडूचें. तो कसा थांबवावा, कसा अलगद द्यावा, दिल्यावर कोठें जावें, याची घोकंपट्टी तो करून घेई. १९१७ पासून १९२५ पर्यंत हंगेरीचें अजिंक्यपद सलग नऊ वेळां त्या एका संघाकडे राहिलें.

युद्ध संपल्यावर होगन इंग्लंडांत परतला तेव्हां तो कफल्लक होता. युद्धामुळें अडचणींत आलेल्या व्यावसायिक खेळाडूंसाठीं फुटबॉल मंडळाकडे कांहीं मदत ठेवली आहे असें कळल्यावरून तो लंडनला मंडळाच्या चिटणीसास भेटावयास गेला. प्रवासासाठीं पांच पौंड त्यानें उसने घेतले होते. चिटणीसांनीं सांगितलें कीं ही मदत युद्धांत लढलेल्यांसाठीं आहे, आणि त्याच्या हातांत खाकी पायमोज्यांचे तीन जोड ठेवले. आघाडीवरच्या पोरांना हेसुद्धां फार आवडले होते, असें वर ऐकविलें. शत्रूच्या देशांत राहिलेला मनुष्य, हा त्यांतला मथितार्थ. या चिटणीसांचें नांव सर फ्रेडरिक वॉल. वॉल म्हणजे भिंत. नामसादृश्यावर विनोद करण्याची आमची संवय नाहीं. परंतु येथें इतिहासानेंच तो केला आहे, त्यास आमचा इलाज नाहीं. द्रोणाचार्यांनीं शिष्याचा अंगठा मागितला, म्हणजे निदान त्या अंगठ्याची किंमत तरी त्यांना कळली होती. १९३४ सालीं फुलहॅम संघानें होगनला शिक्षक म्हणून नेमलें आणि अपेंडिसाइटिसच्या शस्त्रक्रियेनंतर तो रुग्णालयांत पडून असतांना काढून टाकलें. कारण असें कीं अनुभवी खेळाडूंना शिकविण्याची गरज नसते.

या हट्टाचा हिशेब २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर झाला. युरोपखंडांतल्या कोणत्याही राष्ट्राकडून इंग्लंड तोंवर आपल्या भूमीवर हरलें नव्हतें. समोर हंगेरी, आदल्याच वर्षीं ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलेला संघ. लाखावर प्रेक्षक जमले होते. पहिल्याच मिनिटांत हिडेगकुटीनें गोल केला, आणि खेळ संपला तेव्हां हंगेरीचे सहा व इंग्लंडचे तीन गोल झाले होते. आंकड्यांपेक्षां पाहणाऱ्यांच्या मनाला चटका लागला तो पुष्काशच्या एका हालचालीचा. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट चेंडूवर झेंप घालीत असतां पुष्काशनें तळपायानें चेंडू मागें ओढला. राइट मोकळ्या जागेवरून घसरत निघून गेला आणि पुढच्या क्षणीं चेंडू जाळ्यांत होता. हा पुष्काश बुडापेस्टच्या किश्पेश्त या उपनगरांतला. त्याच संघांतला बोझिक हा त्याचा लहानपणचा शेजारी. दोघांच्या घरांमध्यें एकच भिंत, आणि तिच्यावर थाप मारली म्हणजे खेळावयास चल अशी खूण, असें सांगतात. चिंध्यांचा चेंडू करून तीं मुलें खेळत. सामना झाल्यावर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनीं मोठ्या मनानें सांगितलें कीं आम्हांला येतें तें सारें जिमी होगननें शिकविलें. एकाहत्तर वर्षांचा होगन त्या वेळीं अॅस्टन व्हिला संघाच्या पोरांना घेऊन प्रेक्षकांत बसला होता. त्याला काय वाटलें असेल याची कल्पना करण्याचा मोह आम्ही आवरतों.

इंग्लंडमध्यें सगळेच आंधळे होते असें मात्र म्हणतां येणार नाहीं. लंडनच्या टॉटनहॅम संघाचा आर्थर रो हा याच काळांतला. १९३९ सालीं तो हंगेरींत व्याख्यानें देऊन आला होता. युद्ध आलें नसतें तर कदाचित् तिकडेच राहिला असता. १९४९ सालीं तो टॉटनहॅमचा व्यवस्थापक झाला, आणि त्यानें आपल्या खेळाडूंना एकच मंत्र दिला: चेंडू द्या आणि पळा. म्हणजे असें कीं, जवळच्या सोबत्याकडे चेंडू ढकलावयाचा, आपण मोकळ्या जागीं धांवावयाचें, आणि सोबत्यानें पहिल्याच स्पर्शांत तो आपल्या वाटेंत परत द्यावयाचा. प्रतिपक्षाचा खेळाडू मधल्यामध्यें उभाच राहतो. ही युक्ति त्याला रस्त्यांतल्या पोरांच्या खेळावरून सुचली असें सांगतात. एकटें पोर चेंडू नेतांना भिंतीवर तिरपा मारतें आणि समोरच्याला चुकवून पलीकडे तो परत घेतें. रोनें एवढेंच केलें कीं भिंतीच्या जागीं मनुष्य उभा केला. १९५० सालीं टॉटनहॅम दुसऱ्या वर्गांत पहिला आला आणि लगेच १९५१ सालीं पहिल्या वर्गांतही पहिला आला. या खेळीचें इंग्रजी नांव ‘वॉल पास’ म्हणजे भिंतीचा पास असेंच आहे. स्पॅनिश भाषेंत तिला नुसतें ‘पारेद’, म्हणजे भिंतच, म्हणतात. ब्राझीलचे लोक ‘ताबेला’ म्हणतात. बिलियर्डच्या मेजाच्या ज्या कडेवरून गोटी उलट फिरते त्या कडेचें तें नांव. गल्लींतल्या भिंतीचें ऋण भाषांनीं अशा रीतीनें मान्य केलें आहे. पंडितांनीं केलें नाहीं तरी.

या टॉटनहॅम संघांत विक बकिंगहॅम नांवाचा एक खेळाडू होता. खेळणें सोडल्यावर तो शिक्षक झाला आणि १९५९ सालीं अॅम्स्टरडॅमच्या आयॅक्स संघाकडे गेला. दुसऱ्या खेपेस तेथें असतांना, १५ नोव्हेंबर १९६४ रोजीं, त्यानें सतरा वर्षांच्या एका काटकुळ्या पोराला पहिल्यांदां संघांत खेळविलें. तो योहान क्रायफ. आयॅक्सच्या मैदानाजवळच्या बेटोनडॉर्प या वस्तींत तो वाढला. वस्ती काँक्रीटच्या घरांची, म्हणून नांवही ‘काँक्रीटचें खेडें’. वडील भाजीफळांचे दुकानदार. क्रायफ बारा वर्षांचा असतां ते वारले. या मुलाची भिंत म्हणजे पदपथाची दगडी कड. तिच्यावर चेंडू मारला तर तो सरळ येईलच असें नसे. दगडाच्या कोपऱ्याला लागून भलतीकडेच उडे, आणि त्यासरशी अंग सांवरून घ्यावें लागे. पडलें तर गुडघा फुटे, म्हणून तोल आपोआप सुधारे. पदपथाची कड ही अडचण नसून आपल्या बाजूचा एक खेळाडू आहे, असें पाहण्यास आपण रस्त्यावर शिकलों, अशा आशयाचें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. पुढें आयॅक्स आणि बार्सेलोना या दोन संघांच्या द्वारां त्यानें साऱ्या युरोपचा खेळ बदलला. अडचणीकडे सोबती म्हणून पाहण्याची ही दृष्टि त्याला दगडानें दिली ही गोष्ट आम्हांस त्याच्या गोलांपेक्षां मोठी वाटते.

क्रायफ स्वतः आयॅक्सचा शिक्षक असतांना १९८६ च्या डिसेंबरांत त्यानें आणखी एका सतरा वर्षांच्या मुलास संघांत घेतलें: डेनिस बर्गकॅम्प. अॅम्स्टरडॅममध्यें घराजवळच्या भिंतीवर हा मुलगा एकटा चेंडू मारीत राही. गोल करण्याचा खेळ नव्हे, कोणाला हरविण्याचाही नव्हे. चेंडू कसा उसळतो, कसा परत येतो, पायाच्या आंतल्या बाजूनें मारला तर काय होतें, बाहेरच्या बाजूनें मारला तर काय, डाव्यानें काय, उजव्यानें काय, एवढेंच पाहावयाचें, असें त्यानें आपल्या पुस्तकांत सांगितलें आहे. एखाद्या प्रयोगशाळेंतल्या विद्यार्थ्याची ही वृत्ति. तिचें फळ ४ जुलै १९९८ रोजीं मार्सेल येथें जगानें पाहिलें. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. हॉलंड आणि अर्जेंटिना एकेक गोलावर बरोबरींत. खेळ संपण्यास मिनिट उरलेलें. फ्रँक डी बूरनें अर्ध्या मैदानाहून लांब चेंडू फेकला. धांवतां धांवतां बर्गकॅम्पनें उडी घेतली आणि तो आकाशांतून येणारा चेंडू उजव्या पायाच्या टोकाशीं असा थांबविला कीं जणूं कोणी खुंटीवर टोपी अडकवावी. दुसऱ्या स्पर्शानें तो बचाव करणाऱ्या आयालाच्या पायांमधून काढला. तिसऱ्यानें गोलांत घातला. तीन स्पर्श, तिन्ही उजव्या पायाचे. जाणते लोक पहिल्याची तारीफ करतात. तो पहिला स्पर्श मार्सेलला झाला हें खरें, परंतु तो घडला होता अॅम्स्टरडॅमच्या एका भिंतीसमोर, आणि तेव्हां पाहावयास कोणी नव्हतें. अशाच एखाद्या खिडकींतून कोणा गृहस्थानें त्याच्यावर ओरडून खिडकी लावून घेतली असेल काय, हा विचार वाचतांना आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

गल्लींतली भिंत व्यायामशाळेंत आणण्याचे प्रयत्नही झाले. बिल शँक्ली हा स्कॉटलंडांतल्या ग्लेनबक या खाणमजुरांच्या खेड्यांतला. डिसेंबर १९५९ मध्यें तो लिव्हरपूलचा व्यवस्थापक झाला तेव्हां संघ दुसऱ्या वर्गांत खितपत पडला होता. मैदानाभोवतींच्या चकरा कमी करून त्यानें चेंडू पुढें आणला आणि लांकडी फळ्यांच्या भिंती उभ्या केल्या. खेळाडूनें मध्यें उभें राहावयाचें, एका फळीवर चेंडू मारून परत आलेला थोपवावयाचा, वळून दुसऱ्या फळीवर मारावयाचा, आणि असें दम संपेपर्यंत. खेळाडू या चौकटीला ‘घामाची पेटी’ म्हणत. दमलेल्या शरीरांतही पहिला स्पर्श बिघडतां कामा नये, हा त्यांतला हेतु. १९६२ सालीं लिव्हरपूल पहिल्या वर्गांत चढला, १९६४ सालीं अजिंक्य झाला. आजचा रिबाउंडर हा या फळीचाच हलका, घडी घालतां येणारा अवतार होय.

या मार्गाची परमावधि जर्मनींत झाली. बर्लिनच्या क्रिस्टियान ग्यूटलरनें रचलेलें ‘फुटबोनॉट’ नांवाचें यंत्र २०१२ सालीं डॉर्टमुंड संघानें बसविलें. खेळाडू एका चौरस पिंजऱ्यांत उभा राहतो. सभोंवतालच्या भिंतींत ७२ चौकटी. आठ चौकटींतून वाटेल त्या बाजूनें चेंडू येतो, आणि उरलेल्या ६४ पैकीं जी उजळेल तिच्यांत तो तत्क्षणीं घालावयाचा. प्रत्येक चेंडूचा हिशेब यंत्र ठेवतें. २०१४ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत मारिओ गोट्झेनें चेंडू छातीवर घेऊन जमिनीला लागूं न देतां गोल केला तेव्हां पुष्कळांनीं त्याचें श्रेय या यंत्रास दिलें. आम्हांस तें पटत नाहीं. गोट्झे त्या यंत्रापुढें उभा राहिला तेव्हां तो आधींच वीस वर्षांचा, राष्ट्रीय संघांत खेळलेला गडी होता. यंत्रानें त्याची धार लावली असेल. पातें आधींच घडलेलें होतें.

तथापि भिंतीची बाजू घेतांना तिच्या मर्यादा लपविणें बरें नव्हे. भिंत फसवीत नाहीं, आणि फुटबॉल हा निम्मा फसवणुकीचा खेळ आहे. समोरचा मनुष्य डावीकडे झुकून उजवीकडे जातो, भिंत तसें करीत नाहीं. ती चेंडू परत देईल हें ठरलेलें असतें. खरा सोबती कधीं देतो, कधीं विसरतो, कधीं स्वतःच गोल करावयास धांवतो. केव्हां द्यावा आणि केव्हां ठेवावा हें भिंत शिकवीत नाहीं. म्हणून नुसत्या भिंतीवर तयार झालेला मुलगा चेंडूचा जादूगार होईल, खेळाडू होईलच असें नाहीं. क्रायफला दगडी कड होती तशी गल्लीही होती, पुष्काशला भिंत होती तशी तिच्या पलीकडे बोझिक होता. आमच्या खिडकीखालच्या मुलाला पलीकडे कोणी नाहीं, हेंही आम्हांस उशिरांच दिसलें. वसाहतींत मुलें नाहींत असें नाहीं. तीं शिकवण्यांना गेलेलीं असतात. त्यांतल्या दोन शिकवण्या आमच्याच ओळखीच्यांच्या आहेत.

रिबाउंडर चार दिवस गच्चीवर होता. पांचव्या दिवशीं त्याला चुकवून चेंडू कठड्यावरून खालीं उभ्या असलेल्या मोटारीवर पडला, आणि गच्चीलाही फलक लागला. त्याचा मसुदा आम्हीं केला नाहीं. आतां ती चौकट जिन्याखालीं सायकलींच्या मागें उभी आहे. पुढल्या रविवारच्या बैठकीसाठीं आम्हीं पहिल्या फलकाची दुरुस्ती लिहून ठेवली आहे: सायंकाळीं पांच ते सात या वेळेंत भिंतीवर चेंडू मारण्यास हरकत नाहीं. ‘हरकत नाहीं’ हे शब्द थोडे कंजूष वाटतात, पण अधिक उदार शब्द घातल्यास ठराव फेटाळला जाण्याचा संभव आहे.

काल संध्याकाळीं आम्ही खालीं जाऊन ती भिंत जवळून पाहिली. पावसाळ्यांतल्या चिखलाचे गोल ठसे तिच्यावर अजून आहेत. डाव्या हाताचे, बहुधा पहिल्या दिवसांतले ठसे पुरुषभर उंचीपर्यंत विखुरलेले आहेत. उजवीकडे सरकत जावें तसे ते खालीं येतात, एकमेकांजवळ येतात. आणि फलकाच्या अगदीं खालीं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ते एकावर एक पडून ताटलीएवढा एकच काळसर डाग झाला आहे. पुढच्या महिन्यांत भिंतीला रंग द्यावयाचा आहे. तेवढी जागा सोडावी असें आम्हीं रंगाऱ्यास परस्पर सांगितलें आहे. समितीस तें अद्याप ठाऊक नाहीं.